तिरकामठा आणि रानडुक्कर

रानडुकराच्या शिकारीचा विषय निघाला की शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे बंदूक तरी येते, नाही तर घोड्यावरून भाला रोखणारा गोरा अधिकारी. नगर जिल्ह्याला, म्हणजे २०२४ पासूनच्या नावाने अहिल्यानगरला, छावणीमुळे या दोहोंचा परिचय होता. परंतु त्याच्याही कितीतरी आधीपासून या मुलखात शिकारीची एक तिसरी पद्धत चालत आली होती. पायी, कुत्र्यांसह, चार-दहा जणांनी मिळून आणि हातात बांबूचा तिरकामठा घेऊन केलेली ही पारध. आज ती पूर्णपणे बेकायदा आहे. भंडारदरा, रतनवाडी, हरिश्चंद्रगड या बाजूला सहलीस जाणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांनाही ती बेकायदा कशी ठरत गेली याची कल्पना नसते. एकीकडे शेतकरी रानडुकरांनी बेजार झालेला आणि दुसरीकडे त्या डुकराला रोखणारे जुने हत्यार कायद्याने खाली ठेवायला लावलेले, असा हा पेच आहे.

शेती आणि डुक्कर यांचे वैर शेतीइतकेच जुने असावे. संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांच्या संस्कृतीला त्या गावाचे नाव मिळाले. पुढे नेवासे आणि दायमाबाद येथील उत्खननांनी त्या चित्रात भर घातली. ही माणसे धान्य पिकवीत, गुरे पाळीत आणि जोडीला शिकारही करीत. त्यांच्या वस्त्यांत पाळीव जनावरांच्या हाडांबरोबर वन्य प्राण्यांची हाडे आणि गारगोटीची बारीक पातीही मिळतात. अशी पाती काडीच्या टोकाला बसवली की बाण तयार होतो. दायमाबादची जगप्रसिद्ध कांस्यशिल्पे १९७४ मध्ये हाती लागली, तीही एका भिल्ल शेतकऱ्याच्या कुदळीने. 'भिल्ल' हे नाव धनुष्य या अर्थाच्या 'बिल' किंवा 'विल' या द्राविडी शब्दापासून आले, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या समाजाचे नावच धनुष्यावरून पडले, त्याच्याच हाताने जिल्ह्याचा हा प्राचीन ठेवा उजेडात आला.

कामठा, चोय आणि बाण

कामठा बांबूचा असतो हे सर्वांना माहीत असते. त्याची दोरीही बांबूचीच असते, हे ऐकून मात्र पुष्कळांना आश्चर्य वाटते. बांबूची लांब, चिवट चोय काढून ती तासून गुळगुळीत करतात आणि दोन्ही टोकांना बांधून कामठ्यावर चढवतात. तातीची दोरी पावसाळी हवेत ढिली पडते. चोयीला तो त्रास फारसा होत नाही, आणि तुटली तरी नवी करायला बाजार गाठावा लागत नाही. बाणाची काडी बरूची किंवा बारीक बांबूची, मागे पिसे आणि पुढे लोहाराने ठोकून दिलेले लोखंडी पाते. पाखरांसाठी पाते नसलेला, बोथट लाकडी टोकाचा बाण वेगळा असे. या सगळ्यात विकतची गोष्ट म्हणजे पाते तेवढे. म्हणूनच शिकारी नेम चुकलेला बाण हरवू देत नसे.

भिल्ल तिरंदाज दोरी ओढताना अंगठा वापरत नाहीत, बाण तर्जनी आणि मध्यमा यांच्यामध्ये धरतात, आणि द्रोणाचार्यांना अंगठा देणाऱ्या एकलव्याची ती आठवण आहे, असे सांगितले जाते. कथा हृद्य आहे. वस्तुतः दोरी बोटांनी ओढण्याची ही पद्धत जगात फार मोठ्या प्रमाणावर रूढ आहे आणि ऑलिंपिकमधील बहुतेक धनुर्धारीही अंगठा बाजूलाच ठेवतात. अर्थात, एखाद्या समाजाने आपल्या हाताच्या सवयीला आपल्या पूर्वजाचे नाव द्यावे यात वावगे काही नाही.

तिरकामठ्याची ताकद आणि मर्यादा नीट समजून घेतल्याशिवाय डुकराची पारध तशी का होत असे ते कळत नाही. बंदुकीची गोळी आघाताने जनावर पाडते. बाण कापतो, आणि जनावर रक्तस्रावाने पडते. त्यामुळे बाण लागला तरी जनावर जागच्या जागी कोसळेल अशी खात्री नसते. साध्या बांबूच्या कामठ्यातून मोठ्या जनावरावर भरवशाचा नेम वीस-तीस पावलांच्या आतलाच. हरणासारख्या नाजूक अंगाच्या प्राण्याला तेवढे पुरते. रानडुकराची गोष्ट निराळी आहे.

पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्या आसपास भरतो. त्याच्या खांद्यावर आणि बरगड्यांच्या पुढच्या भागावर कातडीखाली चिवट ऊतींचा जाड थर असतो. नर आपसांत सुळ्यांनी झुंजतात, त्या झुंजीत हीच त्याची ढाल. याच ढालीवर समोरून मारलेला बाण अडतो किंवा घसरतो. त्याची नजर मंद, पण नाक आणि कान विलक्षण तिखट. वारा चुकला तर शिकारी दिसण्याआधीच कळप पसार होतो. शिवाय जखमी डुक्कर पळेलच असे नाही, ते उलट अंगावरही येते. खालून वर मारलेला त्याचा सुळा माणसाची मांडी फाडतो, आणि तेथील मोठी रक्तवाहिनी तुटली तर दवाखाना गाठण्याइतकाही वेळ मिळत नाही. अशा जनावरापुढे एकट्याने धनुष्य घेऊन उभे राहणे हे शौर्य नव्हे, हे जुन्या शिकाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

एकट्याची शिकार नव्हेच

म्हणूनच डुकराची शिकार ही गावाची, वाडीची शिकार असे. नदीकाठच्या पट्ट्यात भिल्ल, पश्चिमेच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर, तर पठारावर फासे लावणारे पारधी अशी साधारण विभागणी होती. साधनेही त्या त्या मुलखाप्रमाणे बदलत. फासेपारध्यांचा भर नावाप्रमाणेच फासावर, कुठे वाघूर म्हणजे मोठे जाळे, कुठे नुसती कुऱ्हाड आणि काठी. तिरकामठा प्रामुख्याने भिल्लांचा. परंतु पद्धत सर्वत्र मिळतीजुळती होती. पहाटे माग काढायचा, डुकरे कोणत्या जाळीत शिरली ते पाहायचे, एका बाजूने हाकारे घालीत रान उठवायचे आणि दुसऱ्या बाजूला वाऱ्याचा अंदाज घेऊन नेमबाज बसवायचे. डुक्कर समोरून येताना बाण सोडत नसत. ते बाजूने निघून जात असताना, पुढच्या पायाच्या मागे, बरगडीतून आत शिरेल असा तिरका बाण मारायचा. त्यानंतरचे काम कुत्र्यांचे. जखमी जनावराला ती घोळसून धरीत आणि माणसे पोहोचेपर्यंत अडवून ठेवीत. रक्ताच्या थेंबांवरून माग काढत जाण्यात पुष्कळदा अर्धा दिवस जाई. बाण मारण्याचा क्षण या सगळ्यात सर्वांत छोटा.

वाटणीचे नियमही ठरलेले असत. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या गावपारधीत पहिला घाव घालणाऱ्याला जादा वाटा आणि कुत्र्यालाही त्याचा वाटा देण्याची रीत होती. पहिला घाव कोणाचा, यावर वाद होणे स्वाभाविकच. या वादाची एक जुनी नोंद महाभारताच्या वनपर्वात आहे. मूक नावाचा दैत्य डुकराचे रूप घेऊन अर्जुनावर चालून येतो. अर्जुन आणि किरातवेषातील शंकर एकाच वेळी बाण सोडतात, डुक्कर पडते आणि 'शिकार कोणाची' यावरून दोघांत युद्ध जुंपते. अर्जुन किरातावर मृगयाधर्म मोडल्याचा आरोप करतो. भारवीने याच प्रसंगावर 'किरातार्जुनीय' हे महाकाव्य रचले. त्यातला तात्त्विक भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. रानातल्या शिकारीला नियम असतात हे त्या काळीही गृहीत होते, आणि डोंगरात राहणारा धनुर्धारी किरात त्या नियमांवर राजपुत्राशी भांडू शकत होता.

एकाची क्रीडा, दुसऱ्याचा गुन्हा

१८०३ मध्ये नगरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे येथे मोठी छावणी वसली. दख्खनमधल्या छावण्यांतील घोडेस्वार अधिकाऱ्यांचा आवडता खेळ म्हणजे घोड्यावरून भाल्याने डुक्कर मारणे. बॉय स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी या खेळावर १८८९ मध्ये चक्क एक पुस्तक लिहिले. उत्तरेत मीरतजवळ त्याच्या चषकस्पर्धा भरत. या खेळात शेतीच्या रक्षणाचा भाग नगण्य होता, उलट खेळासाठी डुकरे शिल्लक राहावीत याचीच काळजी घेतली जाई.

त्याच काळात तिरकामठा संशयाच्या यादीत गेला. १८५७ मध्ये नगर-नाशिक भागातील भिल्ल भागोजी नाईक यांच्या नेतृत्वाखाली उठले. हे भागोजी नाईक आधी नगरच्या पोलिसांतच अधिकारी होते. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी सिन्नरजवळच्या नांदूर शिंगोटे येथील चकमकीत इंग्रजांचा पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री मारला गेला. भागोजींचा पाडाव व्हायला नोव्हेंबर १८५९ उजाडले. त्याआधी अकोल्याच्या डोंगरातील राघोजी भांगरे यांच्या बंडाचा अनुभव सरकारला होताच. त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. उठावांनंतर वीस वर्षांनी, १८७८ मध्ये, हत्यारांचा कायदा झाला. त्यात 'हत्यार' या शब्दाच्या व्याख्येत तोफा-तलवारींच्या रांगेत धनुष्यबाणही बसवलेले दिसतात. त्याच वर्षी वनकायदा झाला आणि राखीव जंगलातील शिकार सरकारी नियमांखाली आली. साहेबाचा भाला खेळाचे साधन राहिला आणि भिल्लाचा बाण सरकारच्या नजरेत गुन्ह्याचे साधन ठरू लागला, तो या टप्प्यावर.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९५१ मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा झाला, आणि १९७२ मध्ये देशभरासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. सुरुवातीला त्यात परवाना घेऊन शिकार करण्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही वाट बंद झाली. हा कायदा आवश्यक होता याविषयी शंका नाही. बंदुका, जीपगाड्या आणि प्रखर दिवे घेऊन निघालेल्या हौशी शिकाऱ्यांनी माळरानावरचा माळढोक आणि काळवीट कोणत्या अवस्थेला आणून ठेवले होते, हे नगरकरांना वेगळे सांगायला नको. रेहेकुरीचे छोटेसे अभयारण्य त्यातूनच करावे लागले. परंतु कायदा सर्वांसाठी एकच असल्याने हौशी शिकारी आणि पिकाची राखण करणारा आदिवासी एकाच कलमाखाली आले.

कायदा आज काय सांगतो

२०२२ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या परिशिष्टांची फेरमांडणी झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती अमलात आली. पूर्वी तिसऱ्या परिशिष्टात असलेले रानडुक्कर आता दुसऱ्या परिशिष्टात आहे. कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. जनावर मारणे एवढाच तिचा अर्थ नाही. पकडणे, फास लावणे, आमिष टाकणे, हाकून आणणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे शिकारच. म्हणजे बाण सोडणारा जितका दोषी, तितकाच हाकारे घालणाराही.

'हत्यार' या शब्दाच्या व्याख्येतही धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात प्रवेश करण्यास मनाई आहे. अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. भंडारदऱ्याच्या पर्यटकाला आवडणारी बहुतेक ठिकाणे त्याच्या हद्दीत किंवा लगत येतात. त्यामुळे हौसेने विकत घेतलेले आधुनिक धनुष्य पाठीवर अडकवून रतनगडाची वाट धरणे हेच मुळात अडचणीत आणणारे आहे, मग बाण सुटो वा न सुटो. अभयारण्यातील शिकारीला किमान तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कारावास व दंड अशी तरतूद आहे. वाहनही जप्त होते.

आदिवासींना परंपरेने सूट आहे, हा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. वन्यजीव कायद्यात शिकारीचा हक्क अबाधित ठेवलेला आहे तो निकोबार बेटांवरील अनुसूचित जमातींचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातील अनेक पारंपरिक हक्क मान्य केले, मात्र शिकारीचा आणि फास लावण्याचा हक्क शब्दशः वगळला. तेव्हा 'गावातला माणूस बरोबर आहे' ही पर्यटकासाठी ढाल ठरत नाही. पाहुण्यांच्या हौसेपायी गावातला माणूस तुरुंगात जातो आणि पाहुणे जामीन घेऊन शहरात परततात, एवढा फरक पडू शकतो.

आत्मरक्षणासाठी जनावर मारल्यास तो गुन्हा नाही. पण त्या वेळी मारणारा स्वतःच कायद्याविरुद्ध कृत्य करीत असेल तर हा बचाव चालत नाही. म्हणजे आधी बाण मारायचा आणि जखमी डुक्कर अंगावर आले म्हणून ते मारल्याचे सांगायचे, ही सबब कायद्याने आधीच मोडून काढलेली आहे. शिकार झालेले जनावर आणि त्याचे मांस ही सरकारची मालमत्ता ठरते. ढाब्यावर कुजबुजत देऊ केलेले 'रानातले मटण' खाणारा म्हणूनच निर्धोक नसतो. अशा मांसातून कृमींचा संसर्ग होण्याची भीती असते ती वेगळीच.

उसातले डुक्कर

आता शेतकऱ्याची बाजू. डुकरीण चार महिन्यांच्या आत विते आणि एका वेताला चार-सहा पिले सहज होतात. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढच्या काळात जिल्ह्याचा मोठा भाग उसाने व्यापला. उसाचा फड म्हणजे डुकराला सावली, पाणी, अन्न आणि लपण एकाच जागी. मका, भुईमूग, बटाटा यांचे तर ते एका रात्रीत नांगरल्यासारखे रान करून टाकते. खाण्यापेक्षा उकरण्यातच नासाडी जास्त. बिबट्या त्याला आवर घालील अशी आशा काही जण धरतात. परंतु अकोल्याच्या खोऱ्यातील बिबट्यांचा विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास सांगतो, की तेथील बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा आहे. सुळे असलेल्या डुकराशी झुंजण्यापेक्षा कुत्रे उचलणे त्याला सोपे पडते.

पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरांना मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार कायद्याने वन अधिकाऱ्यांना आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि नीलगाय यांच्याबाबत ती पद्धत सोपी केली. शेतकऱ्याने अर्ज करायचा आणि स्थानिक वनाधिकाऱ्याच्या परवानगीने बंदुकीचा परवाना असलेल्या व्यक्तीने जनावर मारायचे. बिहारमध्ये २०१५ आणि उत्तराखंडात २०१६ साली केंद्राने ठरावीक भागांत व ठरावीक मुदतीसाठी डुकराला उपद्रवी घोषित केले. केरळने २०२२ मध्ये असे आदेश देण्याचा अधिकार ग्रामपंचायतींच्या अध्यक्षांना दिला. या सर्व व्यवस्थांचा भर बंदुकीवर आहे. ज्याच्याकडे परवाना आहे, काडतुसे आहेत, तोच या मार्गाने जाऊ शकतो. डोंगरातल्या दोन एकरांच्या शेतकऱ्याकडे यांपैकी काहीच नसते.

मग तो काय करतो? बहुतेक जण माळ्यावर बसून रात्र जागवतात, डबे वाजवतात, जुन्या साड्यांचे कुंपण बांधतात. काही जण मात्र कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडतात, क्लच वायरचे फास लावतात किंवा पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब दडवून ठेवतात. फासात बिबट्या अडकतो, बॉम्बने गाईचा किंवा कुत्र्याचा जबडा फाटतो, आणि विजेच्या तारेला शेजारचा शेतकरी किंवा घरचेच कोणी चिकटल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. हे प्रकार तिरकामठ्यापेक्षा कितीतरी अधिक क्रूर आणि आंधळे आहेत. तिरकामठा धरणारा निदान समोर काय आहे ते पाहून बाण सोडत होता. याचा अर्थ तिरकामठा परत द्यावा असा मात्र नाही. बाणाने जखमी होऊन सुटलेले जनावर तासन्‌तास तडफडते, हा आक्षेप खराच आहे. लांब धनुष्यासाठी इतिहासात गाजलेल्या इंग्लंडातही १९८१ च्या कायद्याने धनुष्याने वन्य प्राणी मारण्यावर बंदी घातली, ती याच चिंतेतून. अमेरिकेतील टेक्सास राज्याने नेमकी उलटी वाट धरली. तेथे खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने मोकाट डुकरे मारायला २०१९ पासून शिकारीचा परवानाही लागत नाही, आणि धनुष्य चालते. तेथील डुकरे परदेशातून आणलेल्या व पुढे मोकाट झालेल्या जनावरांची प्रजा आहेत, आपली मूळची इथली. तिकडे राहणाऱ्या मराठी नातलगांचे अनुभव ऐकून इकडे बेत आखणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

धनुष्याचीच ओढ असेल तर तिला वैध वाट आहे. आपल्याकडील राष्ट्रीय स्पर्धांत बांबूच्या धनुष्याचा 'इंडियन राउंड' हा स्वतंत्र प्रकार आहे आणि तिरंदाजीचे वर्ग राज्यात अनेक ठिकाणी चालतात. साताऱ्यात सराव केलेले अदिती स्वामी आणि ओजस देवतळे हे २०२३ मध्ये बर्लिन येथे जागतिक विजेते झाले, त्यानंतर या वर्गांची ओळख अधिकच वाढली. सहलीत कोणी फास, गावठी बॉम्ब किंवा जखमी जनावर पाहिले, अथवा शिकारीला नेण्याचे आमिष कोणी दाखवले, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते. गावठी बॉम्ब दिसल्यास त्याला हात लावू नये, कुत्रा बरोबर असल्यास त्याला आवरून धरावे आणि जागेची खूण लक्षात ठेवून मागे फिरावे.